मधाच्या बरण्या आणि सरळ काड्या

बरणीचं झाकण उचललं आणि काडी सटकन खाली पडली. तेव्हा साडेसात वाजले होते, आणि त्या क्षणापर्यंत तिची सकाळ अगदी बरी चालली होती.

गल्लीत तिला सगळे मातीवाली म्हणत. तिला ते आवडत नसे, पण हात कोपरापर्यंत मातीत बुडवून बसणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? भांडी ती चाकावर न घेता हातानेच घडवायची, आणि कुठलंच भांडं नुसत्या मातीचं ठेवायची नाही. कुणाला वेलीची मूठ, कुणाला नदीतल्या लाकडाचा कान, एखाद्या झाकणावर बोंड. मधाच्या या बरण्या तिचं सगळ्यात लाडकं काम. मुठीएवढी बरणी, झाकणाच्या मधोमध भोक आणि भोकात गच्च बसवलेली काडी. वरचं टोक धरून झाकण उचलायचं, खालच्या टोकाला खाचा पाडलेल्या, त्यात मध धरून येतो. एकाच काडीत मूठही आली आणि चमचाही. काडी गच्च बसली नाही, तर मात्र सगळाच खेळ फसला.

ही बरणी नमुना म्हणून तिने घरीच ठेवली होती, आणि आठ दिवसांपूर्वी तिची काडी स्वतः ठोकून बसवली होती. आता परत घातली तर ती भोकात खुळखुळत होती.

मातीत काम करणाऱ्याला आकसणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ओली माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते, म्हणून भोक आधीच सैल ठेवायचं. पण भट्टीतून निघालेली माती जन्मात हलत नाही. म्हणजे आकसली होती ती काडी. आणि नदीने वर्षभर घोळवून काठावर टाकलेलं लाकूड आकसत नाही, त्याचं काय आकसायचं ते केव्हाच आकसून झालेलं असतं. आकसते ती ओली, जिवंत झाडावरून तोडलेली काडी.

"बाबा खोटं बोलले," ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. नवरा जहाजावर, मुलगी शाळेत आणि बाबा सकाळच्या चहाला कोपऱ्यावरच्या बेकरीत.

बाबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. हात थरथरायला लागला तेव्हा दुकान बंद केलं, आणि त्यानंतरचं सबंध वर्ष खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवण्यात घालवलं. "हा बघ, एक खांदा बसवलाय, एक टांगलाय." मग एक दिवस सुनेसाठी नदीवरून लाकडं आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि त्यांच्यात जीव आला. पिशवी घेऊन निघायचे, दोन तासांनी चिखलाच्या बुटांनी परतायचे, आणि प्रत्येक तुकड्याची ओळख करून द्यायचे.

तिने मात्र गेल्या महिन्यात त्यांच्या तीन पिशव्या परत केल्या होत्या. बेकरीवालीने चार बरण्या सांगितल्या होत्या, दुकानातल्या चार टेबलांसाठी, आणि नदीवरची एकही काडी धड नव्हती. "बाबा, अहो सरळ आणा ना जरा. ही वाकडी, ती फाटलेली. हे काय करू मी?" जरा जोरातच बोलली होती. म्हातारा पिशवी उचलून आत गेला होता. चार दिवसांनी त्यांनी काड्यांची जुडी तिच्यापुढे ठेवली. एका जाडीच्या, सोललेल्या, गुळगुळीत, जणू पट्टी लावून आखलेल्या. "नदीवरच्या?" तिने विचारलं होतं. "मग काय झाडावरच्या?" ते म्हणाले होते. तीही हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली. बाबांच्या शिलाई मशीनच्या मागे ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. फडकं सोडलं तर आत डहाळ्या होत्या. हिरव्या, ताज्या, लांबट टोकदार पानांसकट. कापल्या जागी चिकट चीक आला होता.

पान ओळखीचं वाटलं, पण नाव आठवेना. झाडांचं नाव विचारायचं तर शेजारच्या रोपवाल्या काकूंना. काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी लांबूनच डहाळी पाहिली आणि झारी खाली ठेवली.

"कण्हेर घेऊन कुठे निघालीस गं?"

"कण्हेर?"

"हो, पुलापलीकडे हमरस्त्याच्या कडेने लावलीय ना ओळीने, ती. हात धू आधी. पान, काडी, मूळ, काही म्हणून तोंडात जाता कामा नये. हृदयावर जातं ते. मी तर लहान मुलं येतात म्हणून त्याचं एकही रोप ठेवत नाही."

"सोललेली काडी मधात बुडवून ठेवली तर?"

"मग तो मधही विषच समज," काकू म्हणाल्या.

चारही बरण्या काल संध्याकाळी तिने स्वतः बेकरीत पोचवल्या होत्या. बेकरीवालीने तिच्यादेखत मध भरला होता, आणि "उद्या आठला पहिला पाव निघाला की टेबलांवर मांडते," असं म्हणाली होती. आठला पाच मिनिटं होती. तिने फोन लावला. बेकरीवाली सकाळी फोन उचलत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ती पळत सुटली. मातीचा ॲप्रन तसाच, हातात डहाळ्या तशाच. रस्त्यावरच्या दोघांनी "काय झालं?" विचारलं, ती थांबली नाही. तिच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता, चार टेबलं, चार बरण्या, रात्रभर मुरलेली काडी. लोकांनी तिच्या हाताला चांगलं म्हणावं म्हणून वर्षानुवर्षं राबलेली ही बाई. तिच्या हातून कुणी मेलं तर?

बेकरीचं दार उघडं होतं. आत पावाचा वास, भट्टीची ऊब आणि सकाळची पाच-सहा माणसं. खिडकीजवळच्या टेबलाशी पोस्टमन बसला होता. त्याच्या एका हातात पावाचा तुकडा होता आणि दुसऱ्या हाताने तो काडी धरून झाकण उचलत होता. मधाची तार लांब होत पावावर उतरत होती.

"थांबा!" ती ओरडली आणि पाव त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"अहो बाई, मी पैसे देऊन घेतलाय!" पोस्टमन म्हणाला.

"खाल्लात? आधी खाल्लात का थोडा?"

"खाऊ दिलात कुठे?"

ती एकेक टेबल फिरली. "कुणी मध खाल्लाय? कुणीही?" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दोन बरण्यांची झाकणं अजून उघडलीच नव्हती. एका बाईने झाकण उचलून वास घेतला होता, तेवढंच. ती चारही बरण्या छातीशी धरून उभी राहिली आणि तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

गल्ल्यामागून बेकरीवाली पुढे आली. आडव्या अंगाची, सरळ बोलणारी बाई. "मातीवाली, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझ्या दुकानात येऊन माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडचा घास काढतेस?"

"काड्या विषारी आहेत. कण्हेरीच्या आहेत."

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. "काहीतरीच. नदीवरच्या आहेत त्या."

बाबा तिथे बसले होते. पुढ्यात चहाचा कप, भरलेला, वर साय धरलेली. एरवी ते पहिला कप संपवून दुसऱ्यासाठी बेकरीवालीशी हुज्जत घालत असायचे. आज भिंतीला टेकून बसले होते आणि कपाळ रुमालाने टिपत होते.

"बाबा, काडी सैल झालीय. नदीवरची काडी सैल होत नाही."

"ऊन लागलं असेल."

"घरात?"

"सूनबाई," ते म्हणाले. सूनबाई म्हणाले की ते चिडलेले असत. "चार लोकांत माझी शोभा करू नकोस. मी आणल्या, मी सोलल्या, मला माहीत आहे. नदीवरच्याच."

बेकरीवालीने हात कमरेवर घेतले. "बघ. शिंपीबाबा खोटं कशाला बोलतील? ठेव त्या बरण्या जागेवर."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशी ती भडकली. तिने डहाळ्या त्यांच्या टेबलावर आपटल्या, पानांसकट. "मग या कुणाच्या? तुमच्या मशीनमागे सापडल्या. या जर खऱ्याच नदीवरच्या असतील तर घ्या यातली एक बरणी आणि चाटा मध. माझ्यासमोर चाटा."

बोलून गेली आणि तिलाच काटा आला. कारण म्हाताऱ्याने खरोखरच हात पुढे केला. तो हात बरणीपर्यंत आला आणि थांबला.

"विषारी म्हणजे?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे पोटात दुखतं, तसं?"

"हृदय बंद पडतं, बाबा. माणूस मरतो."

तिने त्यांचा चेहरा इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

"चिमणीला शिट्टी करून दिलीय," ते म्हणाले. "आज सकाळी. त्याच काडीची."

बरण्या तिच्या हातून टेबलावर कशा ठेवल्या गेल्या, तिला कळलं नाही. चिमणी तिची मुलगी, आठ वर्षांची, मिळेल ते तोंडात घालणारी. पेन्सिली चावून चावून तिने त्यांचे कुंचले केले होते. आणि त्या पोरीला शिट्टी! तोंडात धरायचीच वस्तू!

"फेकून द्या सगळं, मध, काड्या, सगळं," ती बेकरीवालीला म्हणाली आणि पुन्हा पळाली. मागून बाबांच्या चपलांचा आवाज येत होता. शाळा दहा मिनिटांवर. तिच्या मनात पोरीचा तो ओठ मुडपून फुंकण्याचा चेहरा येत होता आणि ती तो मागे ढकलत होती.

"तुम्ही मरा तिकडे तुमच्या सरळ काड्यांत," ती मागे न बघता ओरडली. "चार दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मला सांगितलं असतंत तर?"

एका वळणावर तिने मागे पाहिलं, तर बाबा शाळेच्या कुंपणाला धरून वाकले होते. धाप लागली असेल, तिला वाटलं. "चला ना!" ती खेकसली. त्यांनी हाताने खूण केली, तू हो पुढे.

शाळेत तिने कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या वर्गाचं दार ढकललं. मास्तरीणबाई फळ्याकडे वळल्या होत्या. मागच्या बाकावर चिमणी बसली होती, पेन्सिल चावत.

"आई? तुझ्या तोंडाला माती लागलीय."

"शिट्टी कुठाय?"

चिमणीने खिशातून रुमाल काढला. आत बोटभर शिट्टी होती, हिरवट, एका बाजूला नीट खाच पाडलेली. चांगला हात होता शिंप्याचा. त्या क्षणीही तिला ते दिसलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"किती वेळ वाजवलीस? खरं सांग. मी रागावणार नाही."

"दोनदा फक्त. कडू होती, म्हणून ठेवून दिली. आणि मला वाजतच नाही. आजोबांनाच वाजते."

मास्तरीणबाईंनीच रिक्षा थांबवली. बाबा फाटकाशी उभे होते, शर्टाची पुढची बाजू ओली. चिमणीला पाहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मातीवालीने पोरीला ओढून आपल्या बाजूला घेतलं. तेही रिक्षात चढले, कडेला, अंग चोरून. वाटेत ते म्हणाले, "आज सगळं पिवळं का दिसतंय?" तिला वाटलं, विषय बदलतायत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. घाई न करणाऱ्या माणसाचा एवढा राग तिला कधी आला नव्हता. त्यांनी शिट्टी कागदात घेतली, चिमणीची नाडी घड्याळ लावून मोजली, डोळे पाहिले, पोट दाबलं, छातीवर तारा लावून कागदावरची रेघ वाचली. "दोनदाच तोंडाला लावलीस? चावली नाहीस? गिळलं काही?"

"नाही. थुंकले. आई थुंकू नको म्हणते, पण मी थुंकले."

"शहाणी आहेस." डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "सगळं ठीक दिसतंय. तरी दुपारपर्यंत इथेच ठेवू. घाबरू नका."

तिला रडू फुटलं. चारचौघांत, नाक ओढत, मातीच्या हातांनी डोळे पुसत ती रडली, आणि चिमणी तिच्या पाठीवर थोपटत राहिली.

"पण ही काडी फार ताजी आहे," डॉक्टरीणबाई शिट्टी निरखत म्हणाल्या. "साल अख्खी सुटलीय आणि परत बसवलीय. हे कसं करतात?"

उत्तर चिमणीने दिलं. तिला ते येत होतं आणि सांगायला आवडत होतं. "आधी काडी तोंडात धरायची. खूप वेळ. चोखून चोखून ओली करायची, मग चाकूच्या मुठीने ठोकायची, परत तोंडात धरायची. मग साल मोज्यासारखी निघते. आजोबांनी कालपासून चार केल्या. तीन फुटल्या. मग ही वाजली."

मग ती आणि डॉक्टरीणबाई एकदमच दाराकडे वळल्या.

बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. रुमाल हातातून गळून पडला होता. ओठ राखाडी झाले होते. तिला सगळं एकदम समजलं. साय धरलेला चहा, कुंपणाशी वाकलेली पाठ, ओला शर्ट, पिवळं दिसणं. तिच्या मागे ते धापा टाकत नव्हते. ते ओकत होते.

"आधी तिचं बघा," बाबा म्हणाले. "तिचं झालं का?"

"झालं, बाबा. ती बरी आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी मान मागे टाकली. त्यांना पलंगावर घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाईंची सगळी घाई एकदम बाहेर आली. नाडी मोजली, पुन्हा मोजली. "अडतीस," त्या परिचारिकेला म्हणाल्या, "आणि चुकतेय. गाडी बोलवा. मोठ्या रुग्णालयात कळवा, कण्हेर म्हणून सांगा, यावरचं औषध आहे का विचारा." चिमणीला बाहेर नेलं. सुई टोचली गेली, बाटली टांगली गेली, यंत्र टिकटिकायला लागलं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येईपर्यंत मातीवाली श्वास धरून उभी राहायला लागली.

"वाचतील ना?"

"गाडी पंधरा मिनिटांत येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "झोपू देऊ नका. बोलतं ठेवा. काहीही विचारा, पण बोलतं ठेवा."

ती पलंगाच्या कडेला बसली. सकाळपासून ती या माणसाला खोटारडा म्हणाली होती, मरा म्हणाली होती, त्यांच्या हातांपासून त्यांची नात ओढून घेतली होती. आता तिला त्यांच्याशी बोलायला एक विषय सुचेना. राग अजून होता, सगळाच्या सगळा. त्यातच हेही कळत होतं की सरळ काड्या तिनेच मागितल्या होत्या. हा म्हातारा गेला तर त्या घरात आपण मातीला हात लावू शकणार नाही, हेही तिला दिसत होतं.

त्यांचे डोळे मिटायला लागले.

"बाबा," ती म्हणाली, "काड्या कुठून आणल्यात?"

पापण्या हलल्या. "नदीवरून," ते पुटपुटले, सवयीने.

"नाही. खरं सांगा. पहिल्यापासून सांगा."

मग म्हाताऱ्याने जीभ ओठांवरून फिरवली. "पुलापलीकडून. रस्त्याच्या कडेने ओळ आहे. गुलाबी फुलं होती. इतक्या सरळ गं पोरी... मला नाव माहीत नव्हतं."

"कशाने कापल्यात?"

"कात्रीने. कापडाच्या."

"कापडाच्या कात्रीने? धार जाते म्हणून मला कधी हात लावू दिला नाहीत तिला."

ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "गेलीच धार."

"मग? मग काय केलंत?"

"मग घरी आणल्या."

"कोणत्या वाटेने?"

त्यांनी वाट सांगायला सुरुवात केली. पूल, दवाखान्याची गल्ली, पाण्याची टाकी. आवाज खाली गेला की ती हात दाबायची आणि मधलंच काहीतरी विचारायची. ऊन होतं का, कुणी भेटलं का, पिशवी कोणती होती. ती वाट तिला पाठ होती, पिशवीही तिनेच शिवायला सांगितलेली होती. टाकीपाशी येऊन ते थांबले.

"टाकीनंतर कुठे वळलात, बाबा?" तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.